शुभ्र वस्त्रे आणि सावळे चेहरे : कृष्णधवल स्लाइडच्या एक्स्पोजरविषयी

संस्थेच्या ग्रंथालयातील एका लाकडी पेटीत जुन्या स्लाइड्स जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील रंगीत स्लाइड्स आता बहुतांशी तांबूस पडल्या आहेत. कृष्णधवल स्लाइड्स मात्र जशा होत्या तशाच आहेत. रंगीत फिल्मवरील प्रतिमा रंगद्रव्यांची असते आणि रंगद्रव्ये कालांतराने विटतात. कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. ती नीट धुतलेली असेल आणि ओलाव्यापासून दूर ठेवलेली असेल, तर काही पिढ्या सहज टिकते. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी फारसा लिहून ठेवला नाही, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि या टिकलेल्या स्लाइड्सचेही दोन प्रकार पडतात. काहींमध्ये बुद्धवंदनेला बसलेली माणसे एकेक ओळखता येतात. म्हाताऱ्या उपासिकेच्या कपाळावरील सुरकुत्याही मोजता येतात. दुसऱ्या काहींमध्ये शुभ्र वस्त्रांची रांग लख्ख दिसते, पण चेहऱ्यांच्या जागी काळे डाग आहेत. स्नेहमेळाव्याला आलेले माजी विद्यार्थी पडद्याजवळ येऊन “यातले आमचे आजोबा कोणते?” असे विचारतात, तेव्हा अशा स्लाइडवरून उत्तर देता येत नाही. हा दोष फिल्मचा नाही, प्रोजेक्टरचा नाही आणि त्या माणसांच्या वर्णाचा तर मुळीच नाही. तो एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर पडू दिलेल्या प्रकाशाच्या मापाचा आहे. यंदा शाळेच्या छायाचित्र मंडळाने कृष्णधवल स्लाइड्स करण्याचे काम पुन्हा हाती घेतले आहे. त्या मुलांसाठी, आणि ज्यांच्या कपाटात एखादा जुना फिल्मचा कॅमेरा पडून आहे अशा माजी विद्यार्थ्यांसाठी, हे माप कसे साधावे ते येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम निगेटिव्ह आणि स्लाइड यांतील भेद लक्षात घ्यावा. निगेटिव्हवरून आपण कागदावर प्रत काढतो. प्रत काढताना प्रकाश कमीजास्त करता येतो, कागदाची जात बदलता येते, एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवता येतो. म्हणजे छायाचित्र घेताना झालेली चूक सुधारण्याची दुसरी संधी असते. त्यातही निगेटिव्ह जास्तीचा प्रकाश बराच सोसते. स्लाइडचे तसे नाही. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्मच पडद्यावर दिसते. तिच्यावर जास्त प्रकाश पडला तर उजळ भाग पूर्ण पारदर्शक होतो. तेथे चांदीच उरत नाही, मग तपशील कोठून आणणार? कमी प्रकाश पडला तर गडद भाग काळाठिक्कर होतो आणि प्रोजेक्टरचा दिवा कितीही प्रखर असला तरी त्यातून काही दिसत नाही. अर्ध्या स्टॉपचा फरक निगेटिव्हवर कोणाच्या लक्षातही येत नाही, स्लाइडवर तो डोळ्यांना सहज जाणवतो. येथे स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निम्मी पायरी, हे नवख्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. शटर १/१२५ वरून १/२५० वर नेले, अथवा लेन्सचे छिद्र एफ ८ वरून एफ ११ केले, की प्रकाश एका स्टॉपने कमी होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कॅमेऱ्यातील लाइटमीटरला समोर काय आहे हे कळत नाही. समोरच्या वस्तूवरून परत आलेला प्रकाश तो मोजतो आणि ती वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरतो. हा मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा पृष्ठभाग होय. निरनिराळ्या वस्तूंनी भरलेल्या सर्वसाधारण दृश्याला हे गृहीतक बरे लागू पडते. आमच्या विहारातील दृश्य सर्वसाधारण नसते. धम्मदीक्षा असो, बुद्धजयंती असो, वर्षावासातील प्रवचन असो, समोर असतो तो शुभ्र वस्त्रांचा समुदाय आणि त्या शुभ्रतेवर सावळे चेहरे.

याचा हिशेब आम्ही मुलांकडून फळ्यावर करून घेतो. धुतलेले पांढरे सुती कापड पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ९० टक्के भाग परत पाठवते. गडद सावळ्या त्वचेकडून परत येणारा प्रकाश १० टक्क्यांच्या आसपास असतो. मीटर पांढऱ्या समुदायाकडे रोखला की तो या ९० टक्क्यांना १८ समजतो, म्हणजे प्रकाशाला पाचाने भागतो. हे झाले दोन स्टॉपांहून अधिक कमी एक्स्पोजर. पांढरी साडी करडी दिसू लागते आणि १० टक्क्यांचा चेहरा २ टक्क्यांवर येतो. स्लाइडवर २ टक्के आणि काळा यांत फरक राहत नाही. पेटीतील त्या काळ्या डागांचे मूळ बहुधा येथे आहे. उलट, मीटर चेहऱ्याजवळ नेऊन धरला तर तो १० टक्क्यांना १८ करू पाहतो. एक्स्पोजर जवळजवळ एका स्टॉपने वाढते आणि शुभ्र वस्त्रे फिल्मवरून पुसली जातात. पडद्यावर तेथे नुसता डोळे दिपवणारा उजेड दिसतो.

छायाचित्रणाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत एक सोपा नियम दिलेला असे : चेहऱ्यावरून वाचन घ्या आणि एक स्टॉप वाढवा. हा नियम खोटा नाही. फक्त त्यातील ‘चेहरा’ गोऱ्या माणसाचा आहे, कारण गोरी त्वचा मध्यम करड्याहून एका स्टॉपने उजळ असते. सावळ्या चेहऱ्याला तो नियम लावला तर एक्स्पोजर दोन स्टॉपांच्या आसपास चुकते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी आपल्या झोन पद्धतीत गोऱ्या त्वचेला सहावी पायरी आणि गडद त्वचेला मध्यम करड्याची पाचवी पायरी दिली होती. म्हणजे हा भेद जाणकारांना ठाऊक होता. खिशात मावणाऱ्या माहितीपत्रकांत मात्र तो उतरला नाही, आणि आपल्या तालुक्याच्या गावी पोहोचली ती माहितीपत्रके. तांत्रिक नियम वाचतानाही तो कोणाला समोर ठेवून लिहिला आहे हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी, असे इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस वाटते.

मग उपाय कोणता? परत येणारा प्रकाश न मोजता, पडणारा प्रकाश मोजावा. हातात धरण्याच्या मीटरवर पांढऱ्या प्लास्टिकचा एक अर्धगोल घुमट बसवता येतो. माणसाच्या चेहऱ्यापाशी जाऊन तो घुमट कॅमेऱ्याच्या दिशेने धरायचा आणि वाचन घ्यायचे. समोरचा माणूस काळा की गोरा, त्याचे वस्त्र पांढरे की निळे, याच्याशी या वाचनाला कर्तव्य नसते. प्रत्येक वस्तू आपल्या मूळ उजळपणाच्या पायरीवर जाऊन बसते. असा मीटर नसेल तर करडे कार्ड चेहऱ्याच्या जागी धरून कॅमेऱ्यातील मीटरने वाचन घ्यावे. कार्डही नसेल तर आपला तळहात आहेच. चेहऱ्याचा वर्ण कोणताही असो, तळहात बहुतेक सर्वांचा बराच उजळ असतो आणि मध्यम करड्याहून साधारण एक स्टॉप वर असतो. तळहातावरील वाचन घेऊन एक स्टॉप वाढवला की काम भागते. आपल्या तळहाताची करड्या कार्डाशी एकदा तुलना करून ठेवली म्हणजे शंका राहत नाही. भर उन्हात यांपैकी काही जवळ नसले तरी जुना नियम हाताशी आहे : छिद्र एफ १६ आणि शटर फिल्मच्या वेगाइतके. १०० वेगाची फिल्म असेल तर १/१२५.

माप बरोबर आले म्हणजे छायाचित्र बरोबर येईलच असे नाही. वरच्या हिशेबातील ९० आणि १० या दोन आकड्यांत सुमारे तीन स्टॉपांचे अंतर आहे. कृष्णधवल स्लाइड पाचएक स्टॉपांतील तपशील सांभाळू शकते. म्हणजे सारख्या प्रकाशात शुभ्र वस्त्र आणि सावळा चेहरा दोन्ही तिच्यात सुखाने मावतात. मावत नाहीत ते दुपारच्या उन्हात. डोक्यावर आलेला सूर्य खांद्यावरच्या वस्त्रावर थेट पडतो आणि डोळ्यांच्या खोबणीत, पदराखाली, टोपीखाली सावली पाडतो. त्या सावलीत प्रकाश आणखी तीन स्टॉपांनी कमी असतो. तीन आणि तीन सहा. येथे कोणताही मीटर मदत करू शकत नाही. वस्त्र वाचवायचे की चेहरा, एवढेच ठरवणे हाती उरते.

म्हणून समूहचित्र बाराच्या उन्हात घेऊ नये. कार्यक्रमपत्रिकेत छायाचित्राची वेळ हमखास भोजनापूर्वी ठेवतात. ती सकाळी वंदनेनंतर ठेवावी, अशी संयोजकांना आमची जुनी विनंती आहे. मंडळी इमारतीच्या सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावीत. समोर चुन्याने रंगवलेली भिंत असेल तर उत्तमच, तिचा परावर्तित उजेड चेहऱ्यांवर खालून-बाजूने येतो. तशी भिंत नसेल तर वसतिगृहातील दोन पांढऱ्या चादरी घ्याव्यात. एक पुढच्या रांगेसमोर, चौकटीबाहेर जमिनीवर अंथरावी, दुसरी दोन मुलांनी बाजूला उंच धरावी. शहाबादी फरशी करडी असल्यामुळे तिच्यावरून असा उजेड येत नाही, आणि अंथरलेली एक चादर चेहऱ्यांतील सावली पुष्कळ सौम्य करते. एकट्या व्यक्तीचे चित्र असेल तर चादर चार-पाच फुटांवर आणता येते. मीटरचे वाचन चादर लावल्यानंतर घ्यावे.

स्लाइडसाठी लिहिलेल्या बहुतेक सूचनांत उजळ भाग सांभाळा आणि सावल्यांना त्यांच्या नशिबावर सोडा, असे सांगितलेले असते. निसर्गदृश्यांपुरते ते ठीक आहे. माणसांच्या चित्रांत आम्हांस ते पूर्णपणे मान्य नाही. सदऱ्याची एखादी चुणी हरवली तर बिघडत नाही, चेहरा हरवला तर छायाचित्राचे प्रयोजनच संपते. अर्थात याचा दुसरा टोकाचा अर्थही घेऊ नये. वस्त्रांचा मोठा भाग पारदर्शक झाला तर पडद्यावरील त्या झगमगाटाने डोळ्यांची बाहुली आकसते आणि शेजारचा चेहरा आहे त्याहून काळा भासतो. त्यामुळे घुमटाने घेतलेले वाचन तसेच ठेवावे, फार तर पाव स्टॉप इकडेतिकडे करावा, आणि उरलेले काम चादरीकडून करून घ्यावे.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. चेहरा ‘सांभाळणे’ म्हणजे तो गोरा करणे नव्हे. लग्नाच्या छायाचित्रांत वधूचा वर्ण उजळवून देण्याची स्टुडिओंची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. जास्त एक्स्पोजर देऊन अथवा नारिंगी फिल्टर लावून कृष्णधवल स्लाइडमध्येही तसे करता येते, कारण तपकिरी त्वचेतून तांबडा प्रकाश अधिक परत येतो. आमच्या मुलांना आम्ही तसे करू देत नाही. सावळा चेहरा सावळाच दिसावा, त्यावरची चमक, डोळ्यांतील भाव आणि वयाच्या रेषा मात्र स्पष्ट असाव्यात. चांगल्या एक्स्पोजरची आमची कसोटी ही आहे.

फिल्टरचा खरा उपयोग ध्वजांसाठी होतो. कृष्णधवल फिल्म निळ्या रंगाला डोळ्यांपेक्षा अधिक संवेदनशील असते, त्यामुळे निळा ध्वज आकाशात विरघळल्यासारखा फिका येतो. पंचरंगी धम्मध्वजातील निळा आणि तांबडा हे दोन पट्टेही जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसण्याचा संभव असतो. पिवळा फिल्टर लावला की निळा गडद होतो आणि पिवळा उजळतो. पिवळ्या फिल्टरला सुमारे एक स्टॉप अधिक प्रकाश लागतो, गडद तांबड्याला सुमारे तीन. लेन्समधून मोजणाऱ्या कॅमेऱ्यात हा हिशेब आपोआप होतो, हातातील मीटर वापरताना तो स्वतः करावा लागतो.

सायंकाळी विहारात फ्लॅशशिवाय पर्याय नसतो. फ्लॅशचा प्रकाश अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो. सहा फुटांवरची पहिली रांग बरोबर आली तर बारा फुटांवरची रांग दोन स्टॉपांनी काळी पडणार. फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवून टाकावा. प्रकाश कमी होतो, पण सर्व रांगांना पुष्कळसा सारखा मिळतो. बुद्धमूर्तीचे चित्र मेणबत्त्यांच्या उजेडात घ्यायचे असेल तर मीटरच्या दृष्टिक्षेपात ज्योत येऊ देऊ नये, एवढे पथ्य पुरे.

जिवंत माणसांइतकेच महत्त्वाचे दुसरे काम आहे ते घरोघरीच्या जुन्या छायाचित्रांच्या स्लाइड्स करण्याचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या दोन दशकांतील पुष्कळ छायाचित्रे अजून खेड्यांतील भिंतींवर, काचेच्या चौकटीत, धुराने पिवळी होत लटकत आहेत. अनेकदा ते चित्र मूळ नसून प्रतीची प्रत असते. प्रत्येक प्रतीगणिक मधल्या करड्या छटा गळतात, काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची काही घरांतील छायाचित्रे रंगवल्यासारखी सपाट का दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे. स्लाइड फिल्मचा स्वभाव मुळातच तीव्र छटांकडे झुकणारा असल्यामुळे येथे अधिक जपावे लागते.

छायाचित्र शक्य तर काचेबाहेर काढावे. ते कागदाला चिकटलेले असेल तर ओढू नये, काचेसहच घ्यावे. कॅमेरा पक्क्या स्टँडवर, चित्राला अगदी समांतर असावा. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन सारखे दिवे ४५ अंशांत लावावेत. काचेत कॅमेऱ्याचे प्रतिबिंब येत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढे भोक पाडून त्यातून चित्र घ्यावे. वाचन करड्या कार्डावरून घ्यावे, चित्रावरून नव्हे. लेन्स फार पुढे आणावी लागली, आणि मोजणी कॅमेऱ्याबाहेरच्या मीटरने केली असेल, तर प्रकाश वाढवावा लागतो. वस्तू आणि तिची फिल्मवरील प्रतिमा समान आकाराची असेल तेव्हा ही वाढ पूर्ण दोन स्टॉपांची असते. छटा सौम्य हव्या असतील तर एक्स्पोजर किंचित वाढवून पहिल्या डेव्हलपरमधील वेळ थोडा कमी करावा.

या ‘पहिल्या’ डेव्हलपरविषयी दोन शब्द. स्लाइडसाठी फिल्म दोनदा डेव्हलप होते. प्रथम निगेटिव्ह प्रतिमा उमटते. मग ब्लीचच्या द्रावणात त्या प्रतिमेची चांदी विरघळवून काढून टाकतात. उरलेल्या, अद्याप न बदललेल्या क्षारांवर पुन्हा प्रकाश पाडून दुसऱ्यांदा डेव्हलप केले की सुलट प्रतिमा तयार होते. स्लाइड किती उजळ होणार हे पहिल्या डेव्हलपरवर अवलंबून असते. वेळ वाढला की स्लाइड उजळते, कमी झाला की काळवंडते. म्हणून तापमान आणि वेळ प्रत्येक खेपेस तंतोतंत तेच ठेवावे, नाहीतर कॅमेऱ्याशी केलेला सगळा हिशेब वाया जातो. ब्लीचमध्ये गंधकाम्ल आणि डायक्रोमेट किंवा परमँगनेट असते. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे, त्यामुळे शाळेत परमँगनेटच वापरावे, तेही हातमोजे घालून, शिक्षकांच्या देखरेखीखाली. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. वापरलेली द्रावणे विहिरीच्या बाजूला सांडू नयेत.

एकेकाळी या कामासाठी नावाजलेली आग्फाची स्काला फिल्म होती. २००५ मध्ये आग्फाफोटो कंपनी दिवाळखोरीत गेली. अलीकडे ॲडॉक्स या जर्मन कंपनीने ते नाव पुढे चालवले, आणि चेक प्रजासत्ताकातील फोमा कंपनीची आर १०० ही फिल्म खास स्लाइडसाठीच बनवलेली आहे. इलफर्डच्या काही साध्या निगेटिव्ह फिल्म्सही वरील पद्धतीने उलटवता येतात. कोणतीही घेतली तरी डब्यावरचा वेग हे अंतिम सत्य मानू नये. पहिले रीळ परीक्षेसाठी खर्च करावे. एका विद्यार्थ्याला पांढरा सदरा घालून सावलीत बसवावे, हातात करडे कार्ड द्यावे, आणि अर्ध्या अर्ध्या स्टॉपच्या फरकाने पाच चित्रे घ्यावीत. प्रत्येक चित्राची नोंद वहीत करावी. निकाल खिडकीकडे धरून पाहू नये. तेथे उजळ स्लाइड आकर्षक वाटते आणि पडद्यावर तीच धुपलेली निघते. अंधाऱ्या खोलीत, ज्या प्रोजेक्टरवर ती पुढे दाखवली जाणार त्यावरच पाहावी. किंचित गडद स्लाइड पडद्यावर भरदार दिसते.

आपल्याकडे पारदर्शक चित्रे पडद्यावर दाखवण्याची परंपरा सिनेमाहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले. त्या काचांवर पुराणकथांतील देव आणि राजे असत. मंडळाच्या मुलांनी आतापर्यंत केलेल्या स्लाइड्सवर गिरणीकामगार आहेत, वीटभट्टीवरच्या बाया आहेत, पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आणि त्यांना बैलगाडीतून पोहोचवायला आलेले वडील आहेत.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घरातील जुनी छायाचित्रे ग्रंथालयात आणून द्यावीत. स्लाइड करून मूळ चित्र त्याच दिवशी परत दिले जाईल. सोबत चित्रातील प्रत्येक व्यक्तीचे नाव, गाव, आणि माहीत असल्यास वर्ष कागदावर लिहून आणावे, डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ही नावे विचारून घ्यावीत. मुले ती स्लाइडच्या चौकटीवर शिसपेन्सिलीने लिहितात, आणि स्लाइड सुलट धरली असता डाव्या खालच्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका देतात. प्रोजेक्टरमध्ये ती उलटी घालायची असते, तेव्हा तो ठिपका मागून उजव्या वरच्या कोपऱ्यात, अंगठ्याखाली यायला हवा.